घरातला पियानो आणि शेजाऱ्याची झोप



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललोच नाही, तेव्हा त्यांचा दोष नाही. आम्ही कळविले की, दोन खोल्यांच्या घरात डिजिटल पियानो कसा मांडावा व कसा वाजवावा, ह्यावर बोलू. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग पलीकडून विचारणा झाली, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे. आणि विषयही आम्ही बदललेला नाही, हे थोड्या वेळाने आपल्या ध्यानात येईल.

आम्ही मूळचे अकोल्याचे. वडील तिथल्या एका कापडगिरणीत सांचावर होते. सावतराम मिल, मोहता मिल ही नावे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्या काळी अकोल्यात घड्याळ पाहावे लागत नसे, भोंगा ऐकला की झाले. आज ते भोंगे बंद आहेत. आमच्या वस्तीत एक भजनी मंडळ होते आणि त्याची पेटी आमच्या घरी ठेवलेली असे. आमचे गाणे चांगले होते म्हणून नव्हे. आमची एक भिंत पावसाळ्यात कोरडी राहत असे म्हणून. पेटी हाताशी, आम्ही दहा-अकरा वर्षांचे, आणि वाजवायची मात्र सोय नाही! कारण वडिलांची रात्रपाळी. ते सकाळी येत, भाकरी खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपत. आम्ही भाता जरा हलविला की पडल्यापडल्याच म्हणत, "बाबू, मले झोपू दे रे." त्यांनी कधी मारले नाही, ओरडलेही नाहीत. ते विनवणी करीत, आणि तीच आम्हांला जास्त लागत असे. पेटी राहिली ती राहिलीच. पुढे नववीत शाळाही सुटली. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर बसून.

वयाच्या ५२ व्या वर्षी आम्ही पतसंस्थेतून कर्ज काढून पियानो आणला. ४० हजारांच्या घरात गेला. हप्ते अजून चालू आहेत. सहकारी म्हणाले, "कामगारांचा पुढारी आणि पियानो? हे तर बंगल्यातलं वाद्य." ह्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे.

आज आपण जिला आपली म्हणतो ती पेटी तरी कोठली? हार्मोनियम युरोपातून आली. ती तिकडे पायाने भाता मारण्याची होती. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताची केली. आपल्या संगीत नाटकाने पायपेटी उचलली, भजनाने हातपेटी उचलली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. तरी थोरामोठ्यांना ती खटकत होती. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती परकी आहे. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पेटीवर मींड खरोखरच निघत नाही. पण ह्या तीस वर्षांत वऱ्हाडातल्या खेड्यांत पेटी थांबली का? मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजत होती, गावोगाव सामुदायिक प्रार्थना होत होती, आणि पेटी भजनाला बसलेलीच होती. वाद्य कोणाचे हे जो वाजवितो तो ठरवितो. १९८० साली कॅसिओ कंपनीने विजेची वाद्ये काढली. पुढे आपल्याकडे ती इतकी पसरली की, कोणत्याही कंपनीचे असो, लग्नाच्या बँडवाल्यापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळे त्याला 'कॅसिओ'च म्हणू लागले. तेव्हा बंगल्याची गोष्ट आम्हांला सांगू नका.

खऱ्या पियानोची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या आत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. लाकूड ऊन-पावसाने हलले की सूर हलतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जूनच्या अखेरीस कपाटातल्या कपड्यांना वास येऊ लागतो. तिथे त्या लाकडाचे काय होईल ह्याची कल्पना करावी. सूर लावणारा माणूस मुंबई-पुण्याहून बोलवावा लागणार, त्याचे जाणेयेणे आपल्या माथी. डिजिटल पियानोत तारा नाहीत. चांगल्या पियानोच्या एकेका सुराचे ध्वनिमुद्रण त्यात साठविलेले असते. पट्टी दाबली की खाली संपर्काचे दोन-तीन टप्पे असतात. पहिला केव्हा लागला आणि पुढचा केव्हा, ह्यातला वेळ यंत्र मोजते आणि त्यावरून सूर मोठा काढायचा की लहान ते ठरविते. म्हणजे यंत्र आपला जोर पाहत नाही, वेळ पाहते. आमच्या ओळखीच्या सगळ्या टाइमकीपरांसारखे.

घेताना एवढेच पाहावे: पट्ट्या पूर्ण ८८ असाव्यात आणि त्या वजनदार असाव्यात, म्हणजे खऱ्या हातोडीसारखा भार बोटाला लागला पाहिजे. शेकडो आवाज, नाचाचे ठेके, लुकलुकणारे दिवे ह्यांच्या नादी लागू नये.

घरात कोठे ठेवायचा? आमची पहिली जागा चुकली. वऱ्हाडातल्या घरात थंडगार जागा म्हणजे कूलरसमोरची. आम्ही आमच्या लाडक्या पाहुण्याला तिथेच बसविले. कूलरची हवा ओली असते आणि ती धूळ घेऊन येते. दोन महिन्यांत मधल्या काही पट्ट्या कधी वाजेनात, कधी एकदम किंचाळू लागल्या. खिडकीच्या उन्हातही ठेवू नये आणि पत्र्याखाली तर नकोच. आम्ही आता आतल्या भिंतीशी ठेवला आहे, वर जुन्या धोतराची दुहेरी घडी. घडीखाली उंदीर शिरत नाही ना, एवढे रोज पाहतो.

विजेचे आमचे दुःख आपणांस सांगावयास नको. वाद्याला वीज फार थोडी लागते, एकदोन दिव्यांइतकी; साध्या इन्व्हर्टरवरही ते चालते. भीती असते ती वीज जाण्याची नव्हे, परत येण्याची. पहिल्याच महिन्यात वीज गेली, आली, परत गेली, आणि आमचा अ‍ॅडॅप्टर जळाला. दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, अ‍ॅडॅप्टर वॉरंटीत बसत नाही. मालकांशी वाटाघाटी करण्यात आमची हयात गेली, पण त्या काउंटरवर आम्ही साफ हरलो. तेव्हा, वीज गेली की आधी पिन काढावी, मग मेणबत्ती शोधावी. आणि दुसरा अ‍ॅडॅप्टर घेताना पिन बसते म्हणून घेऊ नये; व्होल्ट आणि पिनेचा आतला-बाहेरचा ध्रुव, दोन्ही जुळले पाहिजेत.

बसण्याचे पाहा. आपण पेटीची माणसे, आपल्याला सतरंजी हवी. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून अडीच फुटांच्या किंचित खाली याव्यात आणि स्टूल असे असावे की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही. तिचे हात कोपराला अडवितात. पायाखालचे पेडल पहिल्या दिवशी आमच्याकडे उलटेच वागू लागले: दाबले की सूर तुटे, सोडले की लांबत राही. बिघाड वाटला. कारण एवढेच की वाद्य चालू करताना आमचा पाय पेडलवर होता. बंद करून, पाय उचलून, पुन्हा चालू केले आणि ते शहाणे झाले.

वाजविताना सर्वांत जास्त गंमत आली ती डाव्या हाताची. पेटीवर उजवा हात गातो आणि डावा जन्मभर भाता ओढतो. पियानोवर भाता नाही, आणि डाव्याला जवळजवळ अर्ध्या पट्ट्या मिळाल्या! पण वर्षानुवर्षे नुसती हवा भरणाऱ्याला एकदम काम सोपविले तर तो गोंधळणारच. आमचा डावा हात सहा महिने रडत होता. त्याला रोज पंधरा मिनिटे वेगळे बसविले, फक्त सा आणि प. आता तो हळूहळू हजेरी लावतो. पेटीचा सूर भाता आहे तोवर टिकतो, पियानोचा जन्मतःच विझू लागतो. म्हणून अभंगाला साथ करताना लांब सूर धरून बसण्याची सवय सोडावी लागते. भजनी मंडळाबरोबर बसायचे तर आणखी एक अडचण. आपला गायक म्हणतो काळी दोन, आणि मंडळाची जुनी पेटी प्रमाण सुरापेक्षा पाव-अर्धा डावी-उजवी असते. पेटी काही त्या क्षणी बदलत नाही. पण ह्या वाद्याचा सूर ४४० वरून थोडा वर-खाली सरकविता येतो, तेव्हा आपणच सरकावे. जो सरकू शकतो त्याने सरकावे, हे आमच्या धंद्यातले जुने सूत्र आहे.

आता ज्यासाठी आम्ही हे वाद्य घेतले त्याकडे येतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने रविवारची सुटी मागितली; ती १८९० साली मिळाली. पुढे आठ तासांचा दिवस आला. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, ही मागणी आम्ही शेकडो सभांतून समजावून सांगितली. पण दोन खोल्यांच्या घरात एकाचे विश्रांतीचे तास दुसऱ्याच्या गाण्याच्या तासांवर येऊन आदळतात, हे आम्ही कोणत्याही सभेत बोललो नाही. मागणीपत्रात त्याला कलम नव्हते. आमच्या घरी वडिलांची झोप आणि आमची पेटी समोरासमोर उभी होती, आणि दोघांपैकी कोणीच चुकीचे नव्हते.

डिजिटल पियानोला हेडफोन लागतो. आम्हांला तो ह्याच एका गुणासाठी आवडला. जाड पिन की बारीक पिन ते पाहून घ्यावे, आणि तारेचाच घ्यावा. बिनतारीत बोट आधी आणि सूर मागाहून येतो. पहिल्या रात्री साडेअकराला आम्ही कानाला लावून बसलो. घर झोपलेले, आणि आमच्या कानात सगळा पियानो. ५२ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले, ते येथे कबूल करतो.

पंधरा दिवसांनी खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. दालमिलवर रात्रीचे राखणदार आहेत, दिवसा झोपतात. हात जोडून म्हणाले, "भाऊ, राग नका मानू, पण वर तुम्ही काही ठोकून राह्यले काय? दुपारी डोळा लागत नाही." आम्ही चकित झालो. आवाज तर कानातून बाहेर जातच नव्हता! मग सौभाग्यवतींनी खुलासा केला. त्या म्हणाल्या, "तुम्हांला गाणं ऐकू येतं. आम्हांला नुसती खटखट." वजनदार पट्ट्या खाली आपटतात, तो धक्का स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये जातो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर उतरतो. जी विनवणी आम्ही दहा वर्षांचे असताना ऐकली होती, ती पुन्हा दाराशी येऊन उभी होती.

स्टँडच्या पायांखाली आम्ही जाड रबराचे तुकडे घातले, त्याखाली सतरंजीच्या चार घड्या. खाली जाऊन त्यांच्या खाटेवर स्वतः पडून पाहिले, वर सौभाग्यवतींना वाजवावयास सांगून. फरक पडला, पण पूर्ण नाही. मग आम्ही करार केला. तीस वर्षांत केलेल्या सर्व करारांत हा सर्वांत लहान. दुपारी १२ ते ५ वाद्याला हात लावावयाचा नाही. ते कामावर गेल्यानंतर रात्री कितीही. संध्याकाळी ७ ते ८ हेडफोन काढावयाचा आणि दार उघडे ठेवावयाचे.

हे शेवटचे कलम आमचे नव्हे, सौभाग्यवतींचे. त्यांचे म्हणणे असे की, रात्रंदिवस कानाला लावून बसलेला माणूस घरात असून नसल्यासारखा. आम्हांला ते बोचले, कारण ते खरे होते. माणसांना एकत्र आणण्याचा धंदा करणारे आम्ही, घरातल्या घरात एकटे होऊन बसलो होतो. आता त्या तासाला इमारतीतली पोरे येतात, कोणी एका बोटाने आरती वाजवितो, कोणी नुसते बटण दाबून पळतो. आमचा सराव त्या तासात काहीच होत नाही.

गेल्या दिवाळीत राखणदारांना सुटी होती. ते त्या वेळी वर आले आणि म्हणाले, "इतक्या दिवसांत नुसती खटखटच ऐकली जी. गाणं काय होतं ते तरी वाजवा." आम्ही दोन अभंगांच्या चाली वाजविल्या, डाव्या हाताने दोन ठिकाणी दगा दिला. तिसरी चाल सुरू केली तेव्हा पाहिले, तर ते भिंतीला टेकून झोपले होते. आम्ही आवाजाचे बटण खाली केले आणि आठ वाजेपर्यंत वाजवीत राहिलो.

आपणांपैकी कोणाचे अकोल्यास येणे झाले तर संध्याकाळी ७ ते ८ ह्या वेळेत अवश्य यावे. हात धुऊन यावे, आणि दुपारी मात्र येऊ नये.