पाणी केव्हा उकळते?

पाणी शंभर अंशांवर उकळते, असे शाळेच्या पुस्तकाने शिकविले आणि बहुतेकांनी ते पाण्याचे जन्मजात लक्षण मानले. भिलाईच्या स्वयंपाकघरात मात्र याचा प्रत्यय वेगळा येतो. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तेथे डाळीच्या आधणात उष्णतामापक धरला, तर पारा ९९ अंशांपाशी थबकतो. महाबळेश्वरी तो ९५ च्या किंचित पुढे जातो. साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहला ८८ अंशांच्या आसपासच थांबतो. चुलीचा जाळ कितीही वाढविला, तरी पाणी अधिक तापत नाही. ते केवळ लवकर आटते.

याचे कारण हवेच्या भारात आहे. तापत्या पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा जन्म घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला चिरडू पाहतो. वाफेचा दाब या दाबाची बरोबरी करील, तेव्हाच बुडबुडा टिकतो आणि पाणी उकळते. उंचावर हवेचा भार कमी, म्हणून उकळी लवकर येते. परंतु डाळ शिजते ती उष्णतेने, खळखळाटाने नव्हे. लेहला आधण उकळत असूनही डाळ बोटचेपी होत नाही, ती यामुळेच.

मग हा भार मुद्दाम वाढविला तर? देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचे भांडे करून वाफ कोंडली. आजच्या कुकरमध्ये याच युक्तीने पाणी १२० अंशांपर्यंत तापते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. अशा कारखान्यांना लागणारी वाफ ज्या बाष्पकांत तयार होते, ते म्हणजे जणू प्रचंड कुकरच. वातावरणाच्या चाळीसपट दाबाखाली पाणी सुमारे २५० अंशांपर्यंत उकळतच नाही. धोका आहे तो येथेच. बाष्पकाला तडा गेला, की दाब एकाएकी ओसरतो आणि त्या पाण्याचा मोठा भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. ती मिळविण्यासाठी ती पोलादही फाडते.

म्हणूनच पापँने आपल्या भांड्याला सुरक्षा झडप बसविली आणि भारतात १९२३ मध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. कुकरचे झाकण घाईने ओढणाऱ्या हातानेही हे स्मरावे: आतले पाणी शांत दिसते, ते केवळ दाबामुळे.