अंगाची ऊब, कपड्यांची राखण



चेन्नईत जानेवारीच्या रात्रीही पारा 20 अंशांच्या आसपासच असतो. तरी ध्रुवाकडच्या थंडीशी या शहराचे नाते आहे. इथल्या पळ्ळिकरणैच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने घडवलेली ‘इंडआर्क’ ही वेधयंत्रणा जुलै 2014 मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ समुद्रात उतरवली गेली. तिथल्याच ‘हिमाद्री’ या भारतीय संशोधन केंद्रात डिसेंबर 2023 पासून आपले शास्त्रज्ञ भर हिवाळ्यातही राहू लागले. शिवाय आपल्या घरांतली मुले शिकायला कॅनडाला, जर्मनीला जातात. तेव्हा पहिली खरेदी होते ती जाडजूड कोटाची. पण एकटा कोट पुरत नाही.

कपडे उष्णता निर्माण करत नाहीत, ती शरीर करते. कपडे अंगाभोवतीची कोरडी हवा धरून ठेवतात. कपडा ओला झाला की ऊब गेलीच. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. इथे घाम अंग गार करतो म्हणून सोसतो. तिथेही तो तेच करतो आणि जिवावर बेततो. सुती बनियन घाम धरून ठेवते, म्हणून अंगालगत ते नको. आत लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि वर वारा अडवणारे जाकीट घाला. चालताना गरम होऊ लागले की घाम फुटण्याआधी एक थर उतरवा. थांबलात की पुन्हा चढवा.

मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका. रक्तपुरवठा मंदावतो, बोटे बधिर होतात. हातमोजे चार बोटे एकत्र ठेवणारे घ्या. बोटे एकमेकांना ऊब देतात. कान, नाक, गाल झाका.

बोट पांढरे पडून स्पर्श कळेनासा झाला, तर चोळू नका, शेगडीवर धरू नका. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. आडोशाला जा, ओले कपडे बदला, डॉक्टरांना गाठा.

आणि पालकांनो, हे तिन्ही थर, कानटोपी, हातमोजे मुलांच्या विमानातल्या हातपिशवीतच द्या. मोठी बॅग उशिरा पोचली, तरी विमानतळाबाहेरच्या पहिल्या पावलाला ते अंगावर असतील.