चूल घेताना आधी सरपण बघा

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडकडं पऱ्हाट्या, तुराट्या हेच हक्काचं सरपण. पऱ्हाटी भसकन पेटते नि लवकर विझते. बाभळीचा ओंडका सावकाश धगधगतो. म्हणून आधी सरपण बघा, मग चूल.

चुलीच्या पोटात बिडाची जाळी हवीच. खालून हवा मिळाली की जाळ स्वच्छ होतो, राखही खाली पडते. धुराडं पत्र्याच्या वर २-३ फूट न्या, त्याला टोपी बसवा, आणि लाकडी वासा त्याला चिकटू देऊ नका. चूल पेटली की धुमसती उदबत्ती तिच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर जमलं. डोळ्यांत आला तर चूल बांधणाऱ्या गवंड्याला परत बोलवा. पैसे त्यानंतर!

सरपणाला कोळशाचाही पर्याय आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला, त्या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. माजलगाव तालुक्यात पाचटाला काय तोटा? मात्र कोळशाला धूर नाही म्हणून निखाऱ्यांचं घमेलं खोलीत ठेवून, दार लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.