शिस्त, परिपत्रक आणि नववीतील मूल



शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकताच विद्यार्थ्याचे नागरिकत्व बाहेर राहते, ही समजूत या देशात खोलवर रुजलेली आहे. ती केवळ शिक्षणखात्याची नाही. हवे तर मारा पण शिकवा, असे शिक्षकांना विनविणाऱ्या कष्टकरी पालकांचीही ती आहे आणि म्हणूनच तिच्याशी झुंजणे अवघड.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी या समजुतीवर नेमके बोट ठेवले. केरळातील एका शाळेत ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे दहावी, नववी व पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. श्रद्धेपोटी गात मात्र नसत. त्यात कोणालाही काही वावगे वाटले नव्हते. १९८५च्या जुलैत एका आमदाराच्या नजरेस ही गोष्ट आली, विधानसभेत प्रश्न निघाला आणि शाळा-निरीक्षकाच्या हुकुमावरून मुलांना काढून टाकण्यात आले. मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता, तरीही! उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही.

न्या. चिन्नप्पा रेड्डी व न्या. दत्त यांनी मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही. मूलभूत हक्कांवर बंधन घालावयाचे तर कायदा हवा, खात्याचे परिपत्रक त्यासाठी पुरत नाही, असे त्यांनी बजावले. त्या पंथाची श्रद्धा समाजवाद्याला पटण्याचे कारण नाही. परंतु शाळांचा कारभार आजही परिपत्रकांवरच चालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे मोल कळते.

पुढे २००९ साली शिक्षणहक्क कायदा आला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. १६व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. मात्र या कायद्याचे ‘मूल’ सहा ते चौदा वर्षांचे. आठवीपर्यंत ज्याला संरक्षण, तोच विद्यार्थी नववीच्या वर्गात बसला की ते संपते. छळ झालाच तर फौजदारी कायदा आहे म्हणावे; पण जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेत मुलगी घालणारी शेतमजूर बाई मुख्याध्यापकाविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढेल काय? दाखला अडेल, दहावीचा अर्ज अडेल, ही धास्ती तिला पुरेशी असते. मुलगी मग शाळाच सोडते आणि दप्तरी तिची नोंद ‘गळती’ म्हणून होते.

२०१९च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या मसुद्यात हा कायदा बारावीपर्यंत नेण्याची शिफारस होती. २०२०च्या अंतिम धोरणात ती उरली नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी : कलम १६ व १७ यांचे संरक्षण अठरा वर्षांपर्यंत वाढवा. तोवर तालुक्यातील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम आहेच. पालक-शिक्षक संघाच्या सभेत बसावे. मुलाला काढण्याचा निर्णय लेखी मागावा, त्यामागील नियम विचारावा आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज दाखला हातात पडू देऊ नये. शिक्षक संघटनांतील साथींनीही याबाबत आपल्या संघटनांना बोलते करावे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात त्यांना एकटे उभे करणारे सरकारच छडीला जागा करून देते, हेही त्याच सभेत सांगावे.