ज्ञान सामाईक, दाखला खाजगी
(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मराठवाड्यातला तरुण पदवी घेऊन पुण्याला जातो, तेव्हा त्याला कळते की पदवी पुरेशी नाही. लिनक्स प्रणाली सांभाळता येते असा आणखी एक दाखला हवा. या दाखल्यांच्या बाजाराविषयी मला बोलावयाचे आहे.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि 1992 मध्ये मुक्त परवान्याखाली आणला. कोणीही तो वाचावा, सुधारावा. सुधारून वाटला तर सुधारणाही खुल्या ठेवाव्यात, ही त्याची अट. हजारोंच्या श्रमातून उभी राहिलेली ही सामाईक मालमत्ता आहे. तिच्या ज्ञानाचा दाखला मात्र सामाईक नाही.

रेड हॅट कंपनी आपल्याच प्रणालीवर परीक्षा घेते. उमेदवाराला यंत्रासमोर बसवून काम करून दाखवावयास लावते, हा तिचा गुण. पण दाखला तीन वर्षांचाच. हीच कंपनी 2019 मध्ये आयबीएमने सुमारे 34 अब्ज डॉलरना घेतली. 1999 साली स्थापन झालेली लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ना-नफा आहे, कोणत्याही एका कंपनीशी बांधलेली नाही, तिचा दाखला पाच वर्षे चालतो. परंतु परीक्षा प्रश्नोत्तरांची. याखेरीज लिनक्स फाउंडेशन आणि कॉम्प्टियाच्या परीक्षा आहेतच.

स्पर्धेने विद्यार्थ्याचा लाभ होईल, असे कोणी म्हणेल. पण येथे निवड विद्यार्थी करीतच नाही. नोकरीची जाहिरात करते. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये दाखवले की शिक्षणाचा दाखला हा मालकाला दिलेला संकेत असतो. संकेतालाच पैसे पडत असतील, तर गरिबाचे कौशल्य अदृश्य राहते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली होती. आज तो भार उमेदवाराच्या शिरावर आला आहे, आणि तोही दर काही वर्षांनी नव्याने.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. येथील विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची नायलिट ही संस्था आहे. तेथे अल्प शुल्कात, मराठीतूनही, यंत्रावरची प्रात्यक्षिक परीक्षा व्हावी. केवळ कागदी परीक्षा आपल्यालाही नको. सरकारी भरतीत एकाच कंपनीच्या दाखल्याची अट नसावी. आणि जो मालक दाखला मागेल, त्यानेच त्याचे व नूतनीकरणाचे शुल्क भरावे.

या मागण्या घेऊन आपण महाविद्यालयांत आणि कामगार संघटनांत गेले पाहिजे.