वचन आजचं, पावती उद्याची

पेन्शन म्हटलं की पंचविशीतली मुलं कान बंद करतात. हा आजोबांचा विषय, आपला काय संबंध, असं त्यांना वाटतं. मला आज नेमकं त्यांच्याशीच बोलायचं आहे, कारण पावती त्यांच्याच नावाने फाटणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पेन्शन ही मेहेरबानी नाही. 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात हेच सांगितलं. केलेल्या नोकरीची ती कमाई आहे. म्हणून 17 डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. कित्येक घरांत नातवाची फी आजोबांच्या पेन्शनमधून जाते. तेव्हा म्हातारे विरुद्ध तरुण असा सामना मला लावायचा नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: वचन देणारा एक आणि ते फेडणारा दुसरा असेल, तर त्या दुसऱ्याला कुणी विचारलं का?

हिशेब बघू. जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम मिळते, वर महागाई भत्ता. त्यासाठी वेगळा निधी साठवलेला नसतो. त्या त्या वर्षीच्या करांतून पैसे दिले जातात. हे पुढे झेपणार नाही म्हणून केंद्राने, सैन्यदलं वगळता, 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी ती बंद केली. नव्या योजनेत कर्मचारी 10 टक्के टाकतो, सरकार आपला वाटा टाकतं आणि पैसे बाजारात गुंतवले जातात. पण जोखीम सगळी कर्मचाऱ्याची. साठीनंतर हातात किती येईल, याची हमी नाही. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, ते उगाच नाही. त्यांची भीती खरी होती.

पण त्यावरचा उपाय बघा. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या पेन्शनवर परत जायची घोषणा केली. यातली मेख अशी: 2005 साली पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला माणूस साठीला पोहोचणार 2040 मध्ये. आज जुनी पेन्शन आणली की सरकारला दरमहा भरावा लागणारा वाटा लगेच वाचतो. त्या माणसाच्या पेन्शनचं ओझं मात्र 2040 ला सुरू होतं. टाळ्या आजच्या सरकारला, पावती तेव्हाच्या करदात्याला. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी 2023 च्या राज्यांच्या अर्थकारणावरच्या अहवालात हाच इशारा दिला होता. बचत थोड्या दिवसांची, देणं मात्र साठत जाणारं.

आणि हा करदाता कोण? समजा, एका सरकारी कचेरीत शेजारी-शेजारी तीन टेबलं आहेत. पहिल्यावर 2003 साली लागलेले काका, दुसऱ्यावर 2010 साली लागलेला तरुण, तिसऱ्यावर ठेकेदारामार्फत आलेली मुलगी. फायली त्याच, काम तेच. काकांना हमी आहे. तरुणाकडे खातं आहे. मुलीकडे अकरा महिन्यांचा करार आणि ठेकेदाराने भरला तर पीएफ. त्या पीएफशी जोडलेल्या पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. पण मोबाइल रिचार्ज केला, साबण घेतला की जीएसटी तीही भरते. काकांच्या म्हातारपणाला तिचा हातभार लागतो. तिच्या म्हातारपणाला कुणाचा लागणार? हीच मुलगी मध्य प्रदेशात शाळेत शिकवत असेल तर तिला अतिथी शिक्षक म्हणतील. नाव बदलतं, टेबल तिसरंच राहतं.

तिच्याही मागे मोठी रांग आहे. गरीब वृद्धांसाठीच्या इंदिरा गांधी पेन्शन योजनेत 60 ते 79 वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे. राज्यं आपापली भर घालतात, तेव्हा कुठे त्याला पेन्शन म्हणता येतं.

मग करायचं काय? एक चांगलं पाऊल पडलं आहे. 1 एप्रिल 2025 पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. 25 वर्षं नोकरी केली, तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्यासाठी सरकार आपला 18.5 टक्के वाटा आजच बाजूला टाकणार. हमीही आहे आणि तिच्यासाठी निधीही. पण ही सोय पहिल्या दोन टेबलांच्या मधली. तिसरं टेबल अजून बाहेरच आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, ज्या दिवशी वचन, त्याच दिवसापासून त्यासाठी पैसे. दोन, प्रत्येक राज्याने पुढच्या तीस वर्षांत पेन्शनपोटी किती द्यावं लागेल, ते दरवर्षी अर्थसंकल्पात छापावं, म्हणजे फेडणाऱ्याला निदान आकडा तरी कळेल. तीन, कायम कर्मचाऱ्याची हमी वाढवण्याआधी तळाचे 200 रुपये वाढवावेत आणि कंत्राटी माणसाच्या खात्यात सरकारने मुख्य मालक म्हणून वाटा टाकावा.

तरुण मित्रांनो, निवडणुकीत पुढची घोषणा होईल तेव्हा किती मिळणार एवढंच ऐकू नका. पैसे कोण भरणार, कधीपासून आणि त्याचं वय आज किती आहे, हेही विचारा. आणि काका-काकू, हा प्रश्न तुम्ही त्यांच्या आधी विचारलात, तर तो जास्त जोरात ऐकू जाईल.