पोरगी पाणी शिकायला गेली

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आजची गोष्ट जरा लांबची आहे, पण ती सुरू होते आमच्या गटाच्या पाच तारखेच्या बैठकीत.

आम्ही बाराजणी. महिन्याला शंभर रुपये बचत. गाव माण तालुक्यातलं, म्हणजे एप्रिल लागला की टँकरची वाट बघणं आलंच. त्या दिवशी बैठकीत दोन अर्ज होते. एक आक्कांचा. त्यांची बोअर आटली होती, ती आणखी खोल करायला ४० हजार हवे होते. दुसरा आमच्याच एका सभासदाचा, लेकीसाठी. लेक इंजिनिअर झालेली, दोन वर्षं पाणलोटाच्या कामावर नोकरी केलेली. तिला नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरात पाणी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. विमानाच्या तिकिटाला तिलाही ४० हजारच हवे होते. गटाच्या खात्यात होते ४९ हजार.

खरं सांगायचं तर आम्ही आधी हसलोच. पाणी शिकायला परदेशात? पाणी म्हणजे काय ते आमच्या मानेला विचारा!

पोरीला बैठकीत बोलावलं. ती म्हणाली, संस्थेचं नाव आयएचई डेल्फ्ट, १९५७ पासून चालते. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा भागांतले, पाण्याचं काम केलेले लोक तिथं शिकायला येतात. त्या देशाची साधारण चौथाई जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. पाणी सतत उपसून बाहेर टाकावं लागतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या वीज करतात, तिथल्या जुन्या पवनचक्क्या पाणी उपसायच्या. १९५३ साली समुद्र आत घुसला तेव्हा तिथली १८३६ माणसं गेली.

आक्का म्हणाल्या, "त्यांना पाणी जास्त, आपल्याला नाही. मग तिथं शिकून आपल्याला काय उपयोग?"

प्रश्न चोख होता. पोरगी म्हणाली, "आक्का, पंप कसा चालवायचा ते इथंही शिकता येईल. तिथं पाण्याची मंडळं आहेत, त्यातली काही सात-आठशे वर्षांपूर्वीची. आज ती एकवीस आहेत. लोक त्यांच्यासाठी वेगळं मतदान करतात, वेगळा कर भरतात. पाण्याचा हिशेब कोण ठेवतं आणि नियम मोडला तर कोण विचारतं, हे मला शिकायचंय."

तेव्हा आमच्यातल्या एकीला तिचं माहेर आठवलं, पुरंदरचं. १९७२ च्या दुष्काळानंतर तिकडं विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. म्हणजे ही विद्या आपल्याकडं नव्हती असं नाही.

पोरीनं आक्कांना विचारलं, "बोअर किती फूट?" साडेचारशे. "शेजारच्यांची?" सहाशे. ती पुढं काही बोलणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "तुझं बरोबर असंल बाई. पण माझ्या डाळिंबाला आज पाणी पाहिजे."

हात वर झाले. सात पोरीच्या बाजूनं, पाच आक्कांच्या. आक्का उठून गेल्या, त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. त्यांची निम्मी डाळिंबं त्या उन्हाळ्यात वाळली. हे आम्ही रेडिओवर सांगतोय कारण ते आमच्या निर्णयामुळं झालं, आणि ते लपवून नुसतं पोरीचं कौतुक सांगणं बरोबर नाही.

ज्यांच्या लेकींच्या मनात असं काही असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पासपोर्ट आधी काढून ठेवा. आयईएल्टीएस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिचीही फी असते. राहण्याच्या परवान्यासाठी तिथला खर्च भागेल एवढा पैसा दाखवावा लागतो. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. आमच्या पोरीला फीची निम्मी मदत मिळाली, बाकीचं बँकेचं कर्ज. त्याला तारण मागितलं तर सातबाऱ्यावर बाप आणि दोन चुलते. आईचं नाव कुठंच नाही. शेवटी मामानं घर तारण ठेवलं. आपलं नाव सातबाऱ्यावर नसलं की ते असं अडतं बघा.

तिथं गेल्यावर पहिले दोन महिने पोरगी फोनवर रडायची. लवकर अंधार, जेवणाला पाव, सायकलवरून समोरचा वारा. आठवड्याला सोळा तासच काम करता येतं आणि मालकानं परवाना काढला तरच, म्हणून कामही लवकर मिळेना. वर्गात इथिओपियाची, बांगलादेशची, केनियाची माणसं. केनियाची मैत्रीण म्हणे हंडा डोक्यावर कसा ठेवायचा यावर हिच्याशी वाद घालते. आम्ही विचारलं, तिथं पाणी कोण भरतं? म्हणाली, कुणीच नाही, नळाचं थेट प्यायचं. त्यात क्लोरीनही टाकत नाहीत. आम्ही गप्पच झालो.

मग तिनं आम्हाला काम लावलं. दर महिन्याच्या एक तारखेला गावातल्या अकरा विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडायची, पाणी किती हातांवर लागतं ते वहीत लिहायचं. आधी टाळाटाळ झाली. पण आक्कांची विहीर गावात सगळ्यात खोल, तिथं गेल्याशिवाय वही पुरी होईना. आम्ही गेलो. त्यांनी चहा दिला नाही, पण दोरी स्वतः धरली. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, तुमचं अक्षर कुणाला लागत नाही, आणा ती वही इकडं. तेव्हापासून वही त्यांच्याकडं असते.

वहीत दिसलं ते असं. शेजारची सहाशे फुटी बोअर चालू झाली की आठवड्यात तीन विहिरींची दोरी लांब होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण लिहिलेलं नव्हतं. या रब्बीला कांदा किती आणि ज्वारी किती, यावर आम्ही घरोघर बोललो. दोन घरं तयार नाहीत. त्यातलं एक आमच्याच सभासदाचं.

पोरीची आई महिन्याला दोन हजार फेडते, चार हप्ते उरलेत. गटाच्या खात्यात पुन्हा ४० हजारांच्या वर जमलेत. येत्या पाच तारखेला पहिला अर्ज आक्कांचाच आहे, बोअर खोल करायचा. अर्ज त्यांच्या हातात असेल आणि वहीही. काय ठरलं ते पुढच्या वेळी सांगू. तोवर नमस्कार.